मृत्युपत्र लिहायचंय: मालमत्तेच्या यादीपासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरीचा शिक्का लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कोरा कागद, त्यावर तुमची सही आणि तुमच्या समोर सह्या करणारे दोन साक्षीदार, एवढ्यावर ते कायद्याने पूर्ण होतं. मृत्युपत्र म्हणा किंवा इच्छापत्र, कागद तोच. मग इतकी मृत्युपत्रं कोर्टात का अडकतात? कारण हा कागद वाचला जातो तेव्हा लिहिणारा खुलासा करायला हजर नसतो. तलाठी, सोसायटीचा सचिव, बँकेचा अधिकारी, नाराज झालेला वारस आणि वेळ आलीच तर न्यायाधीश, यांच्या प्रश्नांची उत्तरं कागदानेच द्यायची असतात. खालची प्रत्येक पायरी त्या हिशेबाने वाचा.

इथे दिलेले नियम मुख्यतः हिंदू कायद्याखाली येणाऱ्यांसाठी आहेत. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही आले. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधली काही जादा कलमं लागू होतात, ती जागोजागी सांगितली आहेत. मुस्लिम वाचकांचे नियम वेगळे आहेत: कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, आणि वारसालाच काही द्यायचं तर सुन्नी कायद्यात बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यांनी त्या कायद्याच्या जाणकाराकडेच जावं.

मृत्युपत्र केलं नाही तर

आधी हे समजून घ्या, कारण कित्येकांना वाटतं की "माझ्यानंतर सगळं बायकोचंच आहे." तसं होत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी आणि समान हिश्श्याने येतात. पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई ही त्यातली नेहमीची मंडळी. घरात पत्नी, दोन मुलं आणि आई असेल तर चार समान हिस्से पडतात, म्हणजे पत्नीला पाव. वडील पहिल्या वर्गात नाहीत, त्यामुळे ते हयात असूनही त्यांना काहीच मिळत नाही. मुलं अज्ञान (१८ वर्षांखालील) असतील तर फ्लॅट विकताना त्यांच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते.

बाईच्या बाबतीत कलम १५ वाचून अनेकजणी चमकतात. मुलगा, मुलगी, नवरा यांपैकी कोणी नसेल तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. मूल नसलेली विधवा आयुष्यभर नोकरी करून घर घेते आणि तिच्या पश्चात ते सासरच्या लांबच्या नातेवाइकाकडे जाऊ शकतं. माहेरून वारसाहक्काने आलेली मालमत्ता मात्र मूलबाळ नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परत जाते. एकट्या, विधवा, घटस्फोटित आणि मूल नसलेल्या स्त्रियांनी मृत्युपत्र पुढे ढकलू नये, ते एवढ्यासाठी. दुसरं लग्न झालेले, विशेष गरजा असलेल्या मुलाचे पालक आणि लग्नाशिवाय एकत्र राहणारे यांनाही तेच लागू.

काय तुमचं आहे, काय नाही

मृत्युपत्राने फक्त स्वतःचं देता येतं. हे सांगायची गरज नसावी, पण गावाकडच्या मृत्युपत्रांत सर्वात जास्त घोळ इथेच असतो. सातबाऱ्यावर चार भावंडांची नावं, आणि मृत्युपत्रात "माझी गट नंबर अमुक मधील संपूर्ण जमीन मोठ्या मुलास दिली आहे." तुमचा पाव हिस्सा असेल तर पावच जाईल, आणि बाकीची भावंडं हरकत घेतील ती वेगळीच.

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला स्वतःचा अविभक्त हिस्सा हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो. तो किती, हे मात्र मोजून बघा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः समान हिस्सेदार आहेत, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट केलं. दुसरीकडे, वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतून त्यांच्या मृत्यूनंतर कलम ८ ने तुमच्याकडे आलेला हिस्सा सहसा तुमचा स्वतंत्र असतो. "वडिलांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित" हे समीकरण कायद्यात चालत नाही. बायकोबरोबर संयुक्त नावाने घेतलेल्या फ्लॅटमधला तुमचा हिस्साच तुम्ही देऊ शकता, तिचा हिस्सा तिच्या मृत्युपत्रात येईल.

शेतजमिनीबाबत एक सावधगिरी: कुळकायद्याने मिळालेली, सातबाऱ्यावर कलम ४३ चा शेरा असलेली किंवा भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन मृत्युपत्राने वारसाबाहेरच्या माणसाला देता येईलच असं धरू नका. लिहिण्याआधी शेरा वाचा, वकिलाला दाखवा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत, सोसायटीत, डिमॅटला नाव लावलंय, मग मृत्युपत्र कशाला? नॉमिनी हा पैसे किंवा शेअर स्वीकारणारा माणूस असतो. स्वीकारून ते खऱ्या हक्कदारांना द्यायचे, ही त्याची जबाबदारी. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे सरबती देवी खटल्यात, १९८३ सालीच सांगितलं होतं. कंपन्यांच्या शेअर्सबद्दलचा वाद डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालाने मिटला, तिथेही नॉमिनी मालक होत नाही. विम्यात २०१५ नंतर एक अपवाद आला: आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. गृहनिर्माण सोसायटीत, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम १५४ब-१३ नुसार, नॉमिनीला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. फ्लॅट कोणाचा हे मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा करार यावर ठरतं.

म्हणून मृत्युपत्रातलं नाव आणि नॉमिनीचं नाव शक्यतो एकच ठेवा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह लावता येतात, त्यामुळे "एकच नाव लावता येतं हो" ही सबब आता उरली नाही.

पहिली पायरी: यादी

लिहायला बसण्याआधी कागद जमवा. प्रत्येक मालमत्तेचं वर्णन असं हवं की अनोळखी माणसाला ती शोधता यावी.

फ्लॅट असेल तर सोसायटीचं नाव, इमारत, मजला, सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र, सिटी सर्व्हे किंवा सर्व्हे नंबर, भाग प्रमाणपत्राचा क्रमांक, खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि तारीख. यातलं बहुतेक इंडेक्स दोनवर (नोंदणी कार्यालयाकडच्या दस्ताच्या उताऱ्यावर) मिळतं. पार्किंग स्वतंत्र दिलेलं असेल तर ते वेगळं लिहा, नाहीतर फ्लॅट एकाचा आणि पार्किंगवर दोघांचा दावा अशी गंमत होते. शेतजमिनीला गाव, तालुका, जिल्हा, गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार (म्हणजे शेतसारा) आणि चतुःसीमा. त्याच वेळी ताजा सातबारा आणि आठ-अ काढून घ्या, जुन्या उताऱ्यावरून लिहू नका. एकाच गटाचे दोन तुकडे दोघांना द्यायचे असतील तर कोणता तुकडा कोणाचा हे हातनकाशा जोडून दाखवा. विहीर, बोअर आणि रस्ता कोणी वापरायचा हेही लिहा. विहिरीच्या पाळीवरून होणारी भांडणं जमिनीच्या भांडणांपेक्षा लांबतात.

बँक खात्याला बँक, शाखा आणि खाते क्रमांक पुरतात. रक्कम लिहू नका, ती बदलते. मुदत ठेवीच्या पावतीचा क्रमांकही लिहू नका, नूतनीकरणात तो बदलतो. "अमुक शाखेतील माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी" हे चांगलं. डिमॅट खात्याला डीपी आणि क्लायंट आयडी, म्युच्युअल फंडाला फोलिओ क्रमांक. दागिन्यांचं वर्णन वजन आणि प्रकाराने करा, "माझ्या आईचे सर्व दागिने" यावर दोन सुनांचं एकमत होईल याची खात्री देता येत नाही. देणीही यादीत घ्या: गृहकर्ज, हातउसने, जामीनकी. वारसांना मालमत्ता मिळण्याआधी देणी फिटतात, आणि फ्लॅटवर कर्ज असेल तर ते कोणी फेडायचं हे तुम्ही लिहिलं नाही तर सहसा तो फ्लॅट घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

मोबाइलचा पिन, ईमेल आणि नेट बँकिंगचे पासवर्ड मृत्युपत्रात कधीही लिहू नका. पुढे हा कागद अनेकांच्या हातात जातो.

दुसरी पायरी: कोणाला, आणि तो नसेल तर कोणाला

नाव लिहा ते आधार कार्डावर आहे तसं, सोबत नातं, वय आणि पत्ता. "बाळू", "धाकटी" अशी घरातली नावं लिहायचीच असतील तर पूर्ण नावानंतर "उर्फ" लावून.

तुमच्या आधी लाभार्थी गेला तर काय, हे बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. नियम असा: लाभार्थी मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी वारला तर ती देणगी पडते आणि उर्वरित मालमत्तेत जमा होते. अपवाद स्वतःच्या मुलांचा आणि नातवंडांचा, त्यांची संतती हयात असेल तर देणगी टिकते. भाऊ, भाची, मित्र किंवा पत्नीला दिलं असेल तर हा अपवाद नाही. म्हणून प्रत्येक कलमात "ते माझ्या आधी मयत झाल्यास" हा पर्याय लिहाच.

आता मराठी मृत्युपत्रांतलं सर्वात धोक्याचं वाक्य: "माझ्या पश्चात घर माझ्या पत्नीस मिळावे व तिच्यानंतर ते मुलास मिळावे." वाचायला साधं, पण अर्थ दोन निघतात. पत्नी पूर्ण मालक झाली का, म्हणजे ती घर विकू शकते का? की तिला फक्त हयातभर राहायचा हक्क आहे? मुलगा म्हणतो, आईला विकता येणार नाही. आई म्हणते, मी मालक. शिवाय हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ मुळे, पोटगीच्या आधीच्या हक्कापोटी स्त्रीला दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकी होऊ शकतो, आणि यावर कोर्टात दशकानुदशकं खटले चालू आहेत. तेव्हा ठरवून लिहा. पूर्ण द्यायचं असेल तर: "सदर सदनिका माझी पत्नी हिला पूर्ण मालकी हक्काने दिली आहे. ती विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे अथवा मृत्युपत्राने देणे हे सर्व हक्क तिला राहतील." आणि तिथेच थांबा, पुढे "तिच्यानंतर" जोडू नका. तिच्यानंतर कोणाला, हे ती तिच्या मृत्युपत्रात लिहील. फक्त राहण्याचा हक्क द्यायचा असेल तर मालकी आत्ताच मुलाला देऊन त्यावर पत्नीचा हयातभर राहण्याचा हक्क ठेवा, कर आणि मेंटेनन्स कोणी भरायचा तेही लिहा. हे एक कलम वकिलाकडून तपासून घ्यायला खर्च झाला तरी करा.

एखाद्या मुलाला काही द्यायचं नसेल तर त्याचं नाव गाळू नका. नाव गाळलं की "वडिलांना मी आठवलोच नाही, म्हणजे त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं" असा युक्तिवाद होतो. एक ओळ लिहा: "माझा मुलगा क्र. २ यास मी माझ्या हयातीत अमुक साली दुकान घेऊन दिले असल्याने या मृत्युपत्राने त्यास काही दिलेले नाही." राग, शिव्याशाप, जुनी उणीदुणी नकोत, त्यांनी बुद्धी शाबूत असल्याबद्दल उलट शंका येते. आणि अवलंबून असलेली पत्नी, अज्ञान मुलं, म्हातारे आईवडील यांना मृत्युपत्रात वगळलं तरी मालमत्तेतून पोटगी मागता येते, हेही धरून चला.

तिसरी पायरी: व्यवस्थापक

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक. देणी फेडणं, मालमत्ता गोळा करणं, वाटणं आणि गरज पडल्यास प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणणं ही त्याची कामं. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळतं. कोणी नेमला नसेल तर वारसांना "मृत्युपत्रासह प्रशासनपत्र" मागावं लागतं. माणूस तुमच्यापेक्षा वयाने लहान, हिशेबाला चोख आणि शक्यतो त्याच शहरात राहणारा निवडा. तो लाभार्थी असला तरी चालतो. एक पर्यायी नाव ठेवा, आणि दोघांना आधी विचारा. परस्पर नेमलेला माणूस ऐनवेळी "मला यात पडायचं नाही" म्हणू शकतो.

चौथी पायरी: मजकूर

भाषा कोणतीही चालते. घरात जी बोलता ती वापरा. मराठी बोलणाऱ्या आजोबांचं भारदस्त इंग्रजीतलं मृत्युपत्र कोर्टात पहिला प्रश्न उभा करतं: त्यांना यातलं कळलं होतं का? हाताने लिहा किंवा टाइप करा, दोन्ही चालतं. पण संपूर्ण स्वहस्ते लिहिलं तरी दोन साक्षीदार लागतातच, हे विसरू नका.

क्रम साधारण असा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, तुमचं पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता. मग: "मी हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीत व समजून उमजून करीत आहे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवणीपत्रे मी याद्वारे रद्द करीत आहे." हे दुसरं वाक्य राहिलं तर जुनं मृत्युपत्र विरोध नसलेल्या भागापुरतं जिवंत राहू शकतं. नंतर कुटुंबातल्या सर्व वारसांची यादी, मिळो न मिळो. मग व्यवस्थापकाची नेमणूक, देणी, एकेका मालमत्तेचं एकेक कलम, अज्ञान मुलांचे पालक, आणि शेवटी उर्वरित मालमत्तेचं कलम.

उर्वरित कलम हे या कागदातलं सर्वात कामाचं कलम आहे: "वर नमूद न केलेली, सध्या माझी असलेली अथवा पुढे मला मिळणारी सर्व स्थावर व जंगम मालमत्ता ____ यांस दिली आहे." तुम्ही मृत्युपत्रानंतर घेतलेली गाडी, विसरलेलं पोस्टाचं खातं, उशिरा आलेला फरक, हे सगळं त्यात बसतं. ते नसेल तर तेवढ्या भागापुरती मृत्युपत्राशिवाय वाटणी होते आणि वारस दाखल्याची धावपळ पुन्हा सुरू.

"सदनिका क्र. ५ मुलीला" असं लिहिलं आणि पुढे ती विकून दुसरी घेतली, तर मुलीला नवी सदनिका मिळत नाही. देणगीच संपते. म्हणून तिथेही जोडा: "अथवा तिच्या विक्रीतून घेतलेली दुसरी निवासी मालमत्ता." आणि दोन कलमं एकमेकांना छेद देत असतील तर मृत्युपत्रात शेवटचं कलम टिकतं. खरेदीखतात उलट असतं, त्यामुळे त्याचा सराव असलेले लेखनिक इथे चुकतात.

टक्केवारीने वाटत असाल तर बेरीज शंभर येते का ते बघा. हसू नका, नव्व्याण्णव पूर्णांक नव्याण्णवची मृत्युपत्रं असतात.

पाचवी पायरी: सहीचा दिवस

मृत्युपत्र टिकतं की पडतं ते बहुतेक वेळा या अर्ध्या तासावर ठरतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६३ काय मागतं ते नीट बघा. तुम्ही सही किंवा अंगठा करायचा. कमीत कमी दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझीच सही" असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येक साक्षीदाराने तुमच्या समोर सही करायची. दोघे एकाच वेळी हजर असणं कायद्याला सक्तीचं नाही, पण तुम्ही तसंच करा. दोघांच्या आठवणी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

साक्षीदार कोण? लाभार्थी नको, लाभार्थ्याचा नवरा किंवा बायको नको. ख्रिस्ती आणि पारशी लोकांत अशा साक्षीदाराला दिलेली देणगी रद्दच होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण "ज्याला मिळालं तोच साक्षीदार" हे कोर्टाला खटकतंच. तुमच्या वयाचे मित्रही नकोत. पंचाहत्तरीच्या माणसाने पंच्याहत्तरीचे दोन मित्र साक्षीला घेतले आणि दहा वर्षांनी तिघेही नाहीत, हे सर्रास घडतं. वाद झाला तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराला कोर्टात बोलवावं लागतं. दोघेही नसतील तर एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि तुमची सही ओळखणारा माणूस शोधावा लागतो. तेव्हा चाळिशीतले, पत्ता स्थिर असलेले, तुम्हाला ओळखणारे दोघे निवडा. त्यातला एक तुमचे डॉक्टर असतील तर उत्तम. साक्षीदारांना आतला मजकूर वाचायला द्यायची गरज नाही, त्यांची साक्ष तुमच्या सहीची असते.

कागद एका बाजूला छापा, "पान ५ पैकी ३" असे क्रमांक घाला, प्रत्येक पानावर सही करा, शेवटच्या पानावर पूर्ण सही. शेवटच्या पानावर नुसत्या सह्या ठेवू नका, निदान एक कलम तिथे येऊ द्या. नाहीतर आधीची पानं बदलल्याचा आरोप करायला जागा मिळते. खाडाखोड झाली तर ते पान पुन्हा छापा. नंतर पेनाने केलेला बदल तुमच्या आणि दोन्ही साक्षीदारांच्या सहीशिवाय शून्य किमतीचा आहे. साक्षीदारांच्या सह्यांच्या वर हे वाक्य घ्या: "वरील मृत्युपत्रावर श्री./श्रीमती ____ यांनी आम्हा दोघांच्या समोर सही केली व आम्ही त्यांच्या समोर व एकमेकांच्या समोर साक्षीदार म्हणून सह्या केल्या." खाली नाव, वय, पत्ता आणि फोन.

लिहिता-वाचता येत नसेल किंवा नजर गेली असेल तर मजकूर वाचून दाखवला आणि तो मान्य केला, असा शेरा वाचणाऱ्याच्या सहीने घ्या. वय जास्त असेल, आजारपण चालू असेल किंवा वाटणी कोणाला तरी झोंबणारी असेल, तर त्याच दिवशीच्या तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या: तपासलं, बोलले, स्वतःच्या मालमत्तेची आणि कुटुंबाची जाण आहे. चार महिने जुनं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

ज्याला सर्वात जास्त मिळणार आहे, तो त्या दिवशी खोलीत नको. त्याने वकील शोधला, मसुदा आणला, साक्षीदार गाडीतून आणले आणि कपाटात ठेवला असं चित्र असेल तर संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या एच. वेंकटचला अय्यंगार निकालापासून कोर्टं हेच पाहत आली आहेत: थरथरती सही, अनैसर्गिक वाटणी, दुबळी मनःस्थिती आणि लाभार्थ्याचा पुढाकार.

व्हिडिओ करायचा तर करा, पण तो फक्त जादा पुरावा. व्हिडिओ, व्हॉट्सॲप संदेश, ईमेल किंवा डिजिटल सही म्हणजे मृत्युपत्र नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधून मृत्युपत्र वगळलेलं आहे. आणि व्हिडिओत मागून "बाबा, आता फ्लॅटचं सांगा" असा आवाज येत असेल तर न केलेलाच बरा.

नोटरीबद्दल एकच सांगायचं: नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. एका साक्षीदाराने आणि सुंदर लाल सीलने सजलेला कागद मृत्युपत्र नाही.

नोंदणी आणि ठेवण्याची जागा

नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी शुल्क नाममात्र. आमचं मत विचाराल तर करून टाका. दुय्यम निबंधकाकडे तुमचा फोटो, अंगठा आणि तारीख पक्की होते, कागद हरवला तरी प्रत मिळते. मूळ मृत्युपत्र, सर्वांची ओळखपत्रं घेऊन दोन्ही साक्षीदारांसह जा. वेळ आधी ठरवून गेलात तर म्हाताऱ्या माणसाला ताटकळावं लागत नाही. नोंद पुस्तक क्रमांक ३ मध्ये होते, आणि तुमच्या हयातीत तुम्ही किंवा तुमचा अधिकृत प्रतिनिधी यांच्याशिवाय कोणालाही तिची नक्कल मिळत नाही. घरात कळेल म्हणून नोंदणी टाळण्याचं कारण नाही.

पण नोंदणीने मृत्युपत्र अभेद्य होत नाही. साक्षीदाराची साक्ष तरीही लागते, आणि नंतर केलेलं साधं, बिननोंदणीचं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृताला मागे टाकतं. नोंदणी नको असेल तर लखोट्यात मोहोरबंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. फारसं कोणी वापरत नाही, पण आहे.

मूळ प्रत एकच ठेवा. फक्त तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका: लॉकर उघडायला कागद हवा आणि कागद लॉकरमध्ये. व्यवस्थापकाला जागा सांगा, मजकूर सांगायची सक्ती नाही.

बदल

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. छोटा बदल पुरवणी मृत्युपत्राने होतो, पण त्यालाही दोन साक्षीदारांचा तोच सोपस्कार लागतो, म्हणून दोनपेक्षा जास्त पुरवण्या होत असतील तर सगळं नव्याने लिहा. रद्द करायचं तर नवं मृत्युपत्र करा, रद्द केल्याचा साक्षांकित लेख करा, किंवा रद्द करण्याच्या हेतूने मूळ कागद स्वतः फाडा अथवा जाळा. झेरॉक्स फाडून काही होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी लोकांत लग्न केल्यावर आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदूंत होत नाही, आणि त्यामुळेच लग्नानंतरही आई-भावाच्या नावचं जुनं मृत्युपत्र लागू राहतं. लग्न, घटस्फोट, जन्म, मृत्यू, घराची खरेदी-विक्री यांपैकी काही झालं की कागद काढून वाचा.

मृत्यूनंतर वारसांनी

मूळ मृत्युपत्राला टाचणी किंवा पंचिंग करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नाही. मृत्यू दाखल्याच्या प्रती जास्तीच्या घ्या. शेतजमिनीसाठी हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. फेरफार नोंदवल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत जाऊन महसूल अधिकाऱ्यासमोर सुनावणी होते. फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे, मृत्युपत्र खरं की खोटं हे दिवाणी कोर्टच ठरवतं.

प्रोबेटबद्दल जुन्या माहितीवर जाऊ नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रातल्या मालमत्तेसाठी हिंदू, पारशी वगैरेंना प्रोबेट सक्तीचं होतं ते उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१३ मुळे, आणि संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये ते कलम वगळलं. पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणच्या हिंदूंना ते आधीही सक्तीचं नव्हतं. तरी सोसायटी, बँक किंवा शेअर कंपनी मोठ्या रकमेला किंवा वारसांत बेबनाव दिसल्यास प्रोबेट मागते. सगळे वारस एकमताचे असतील तर त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आणि हमीपत्र यांवर काम होतं, म्हणून ज्याला कमी मिळालंय त्याच्या सहीसाठी आधी जा.